बर्फाला वास नाही

३ मार्च

आज घरात बर्फाचं मशीन आलं. चिरंजीवांनी ते पोटाशी धरून जिन्यावरून आणलं, तान्ह्या बाळासारखं ओट्यावर ठेवलं आणि मला म्हणाले, "बाबा, हात लावू नका." मी कशाला लावतोय? गेल्या वर्षी बायको गेली, माझं बिऱ्हाड मोडून मला इथे आणलं, तेव्हापासून या घरात मी कशालाच हात लावत नाही. वर्तमानपत्र वाचतो, सांगितलं की जेवतो, पंखा कमी करा म्हणतो. तो कोणी कमी करत नाही.

मशीन सूनबाईचं. तिचं ऑफिस बंद पडलं, तर घरी बसून रडण्याऐवजी तिने आसपासच्या ऑफिसांना थंड कॉफी आणि फळांची सरबतं पुरवायला सुरुवात केली. बर्फ विकतचा आणायची, तो अर्धा रस्त्यातच पाणी व्हायचा. म्हणून आता स्वतःचं मशीन. उन्हाळा साधला तर धंदा उभा राहील, नाहीतर पुन्हा कुठेतरी कारकुनी शोधावी लागेल, असं ती नवऱ्याला सांगत होती. मला सांगत नव्हती, पण मी ऐकलं.

टाकीत पाणी भरलं, मशीन घरघरलं, आणि थोड्या वेळाने बोटाएवढे बर्फाचे तुकडे खडखड पडले. सूनबाईने एक तोंडात टाकला आणि चेहरा वाकडा केला. "काहीतरी वास येतोय हो."

चिरंजीव म्हणाले, "मला नाही कळत." त्यांना कशातलंच कळत नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्हीच सांगा ना. तुमचं तर आयुष्य यात गेलं."

हे खरं आहे. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी वासाचा माणूस होतो. यंत्रं होती, रसायनं होती, पण पाण्याला वास आहे की नाही हे शेवटी माणसाचं नाकच सांगतं, आणि ते नाक माझं होतं. आधी मी हुंगायचो, मग शहर प्यायचं. या घरात येऊन इतके महिने झाले, पण हे कोणाला आठवतं असं आज पहिल्यांदा दिसलं.

मी रीतसर वास घेतला. क्लोरीन. दुसरं काय असणार? नळाच्या पाण्यात क्लोरीनच असतो.

ती म्हणाली, "मला प्लास्टिकसारखा वाटला."

म्हटलं, "नवशिक्यांना तसंच वाटतं."

ती हसली. "मग रोज सकाळची पहिली खेप तुम्हीच पास करत जा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय बर्फ घराबाहेर जाणार नाही."

मशीनबरोबर एक माहितीपुस्तिका आली आहे. पहिल्या काही खेपा फेकून द्या, टाकी वेळोवेळी धुवा, असलं बाळबोध काहीतरी लिहिलंय. मला पुस्तिका लागत नाही. खणात टाकून दिली.

५ मार्च

क्लोरीनचा बंदोबस्त केला. रुंद तोंडाच्या पातेल्यात नळाचं पाणी भरून रात्रभर उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातो. सकाळी ते पाणी मशीनमध्ये. साधी गोष्ट, पण माहीत असावी लागते.

तपासणीचीही व्यवस्था लावली. थंड वस्तूचा वास दबतो, म्हणून बर्फ बुचाच्या बाटलीत वितळवायचा, बाटली कोमट पाण्यात धरायची, हलवायची, बूच काढायचं आणि एकदाच हुंगायचं. दुसरा नमुना घेण्याआधी स्वतःच्या बाहीला नाक लावायचं, म्हणजे नाक कोरं होतं. त्याआधी चहा नाही, सुगंधी साबण नाही. सूनबाई शेजारी उभी राहून बघत होती, शाळेतल्या मुलीसारखी. मी म्हटलं, "पास." तिने टाळी वाजवली. वेडी आहे.

जेवण मात्र पाणचट. हिवाळ्यात मला तो ताप येऊन गेला तेव्हा पथ्य होतं, समजू शकतो. आता भाजीत मसाला घालायला हिला कोणी बंदी केली आहे? विचारलं, तर म्हणते, "मी रोजचंच घातलंय बाबा." बोलून उपयोग नाही. धंद्याच्या नादात घरच्या स्वयंपाकाकडे लक्ष नाही तिचं.

९ मार्च

आज तिला फोनवर बोलताना ऐकलं. "आमच्याकडे बर्फ तपासल्याशिवाय जातच नाही. माझे सासरे पाणीपुरवठ्यात होते, त्यांचं नाक म्हणजे नाक." मी मुद्दाम बाल्कनीत गेलो. माझं तोंड फार हसरं झालं होतं आणि ते तिने बघायला नको होतं.

ऑर्डरी वाढल्यात. मला आता पहाटेच जाग येते. कामावर जायचं आहे असं वाटून उठतो, आणि जायचं असतंही, ओट्यापर्यंत का होईना.

१४ मार्च

विहीणबाई आल्या. लेकीला मदत म्हणून. पिशवीत काय, तर माशांची पुडकी. फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात आमचे बर्फाचे डबे, खाली त्यांचे मासे. मी काही बोललो नाही. पाहुण्याला आल्या आल्या काय बोलायचं.

पण त्यांना कुठे गप्प बसवतंय! लेकीने कौतुकाने सरबत दिलं. बाईंनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "शी! बर्फाला कसला गं वास हा? ओल्या फडक्यासारखा?"

मी म्हटलं, "विहीणबाई, तो बर्फ सकाळी तपासून पास केलेला आहे."

"कोणी?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "व्याही, तुम्हाला खरंच वास येत नाही?"

टोमणा! आल्या दिवशी टोमणा! अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथे नवा तुकडा बाटलीत घेतला, कोमट केला, हलवला, हुंगला. वास नाही. पुन्हा बाहीला नाक लावून पुन्हा हुंगला. नाही म्हणजे नाही. बाटली सूनबाईपुढे धरली. तिने वास घेतला आणि जरा थांबली.

"मला पण किंचित…"

"किंचित काय?"

तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काही नाही बाबा."

झालं. पण बाईंच्या चेहऱ्यावरचा तो भाव गेला नाही. दयेसारखं काहीतरी होतं. मला त्याचाच जास्त राग आला.

१६ मार्च

आज दूध जळून पातेलं काळं झालं आणि खापर माझ्यावर फुटलं. मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, पाठ शेगडीकडे. विहीणबाईंनी दूध ठेवलं आणि न सांगता अंघोळीला गेल्या. थोड्या वेळाने ओल्या केसांनी ओरडत धावत आल्या, "अहो, सगळं घर भरलंय, तुम्ही इथे बसून काय करताय?" मागे बघतो तर धूर. मी काय दुधाचा पहारेकरी आहे? सांगून गेल्या असत्या तर बघितलं असतं.

संध्याकाळी मायलेकी गॅलरीत हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो तशा गप्प झाल्या. बाई माझ्याविरुद्ध तिचे कान भरतायत, दुसरं काय.

१९ मार्च

पहिली तक्रार. कोपऱ्यावरच्या वकिलांच्या ऑफिसातून फोन आला की सरबत छान आहे, पण बर्फ विरघळला की मातकट लागतं. सूनबाईने फोन ठेवला तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

मी शांत राहिलो. अशा प्रसंगी घाबरायचं नसतं, मुळाशी जायचं असतं. बर्फाला स्वतःचा वास नाही, तो शेजाऱ्याचा वास ओढतो. शेजारी कोण? मासे! फ्रीजर रिकामा केला, सोड्याच्या पाण्याने कोपरान् कोपरा पुसला, बर्फाला घट्ट झाकणाचे नवे डबे आणले आणि माशांना हद्दपार केलं. विहीणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"मासे केव्हाच शिजवून संपवले मी," म्हणाल्या. "तुम्ही पुसताय तो डबा मटारांचा आहे. आणि मी म्हणते, ते मशीनच आतून धुवा की एकदा. त्या टाकीत हात घालून बघितलाय कोणी?"

म्हटलं, "आत फक्त पाणी जातं, तेही माझ्या हाताखालून गेलेलं. पाण्याला पाण्याने काय धुणार?"

"बुळबुळीत लागतंय हो ते."

"बर्फाचं मशीन आहे, कोरडं कसं लागेल?"

त्या मान हलवत आत गेल्या. आणखी एक खबरदारी म्हणून पाणी आता एकाऐवजी दोन रात्री उघडं ठेवणार आहे. क्लोरीनचा मागमूसही राहायला नको. वितळलेल्या बर्फाचं पाणी हे मशीन परत टाकीत घेतं आणि पुन्हा गोठवतं, ते मात्र छान आहे. चांगलं पाणी वाया जात नाही.

२२ मार्च

विहीणबाई आपल्या घरी निघून गेल्या. जे झालं ते लिहितो.

आणखी एका ऑफिसने बंद केलं. सकाळी मी बाटली हुंगत होतो आणि त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "व्याही, रागावू नका. एकदा डॉक्टरांना नाक दाखवा. माझ्या लेकीच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

माझा तोल गेला. मी म्हटलं, तुमचे मासे येईपर्यंत हा धंदा सुरळीत चालला होता. मी म्हटलं, शहराने या नाकावर भरवसा ठेवला, तुमचा नसला तरी चालेल. आणखीही एक बोललो. लेकीचं बरं चाललेलं काही आयांना बघवत नाही, असं.

त्या रडल्या नाहीत. गुपचूप खोलीत गेल्या आणि पिशवी भरायला लागल्या. सूनबाई एकदा इकडे, एकदा तिकडे. मला म्हणाली, "बाबा, नक्की वास नाही ना? माझी शपथ घेऊन सांगा."

मी म्हटलं, "तुझी शपथ, नाही."

मग तीच आईला गाडीवर पोचवून आली. आल्यावर न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली ती बाहेरच येईना. पाणी काय फुकट येतं? पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला असं धो धो वाहतं पाणी ऐकवत नाही. पण बोललो नाही. आज पुरेसं बोलून झालं होतं.

घर आता शांत आहे. मला बरं वाटायला हवं.

२५ मार्च

मोठी ऑर्डर! एका कंपनीचा वार्षिक मेळावा आहे शनिवारी, सगळ्यांना थंड कॉफी आणि सरबत आपलं. आवडलं तर उन्हाळाभराचं काम. सूनबाईने बातमी सांगितली, पण उड्या मारल्या नाहीत. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ टेबलावरचे कण गोळा करत राहिली.

"बाबा, एक विचारू? या वेळेपुरता आपण विकतचा बर्फ आणूया का? फक्त शनिवारपुरता."

मी हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, "म्हणजे तुझाही विश्वास नाही."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

ती पुन्हा कण गोळा करायला लागली. मी ताटावरून उठलो. तसंही त्या जेवणात काही राम नव्हता. थोड्या वेळाने ती दारात आली आणि म्हणाली, "नाही आणत विकतचा. तुम्ही जेवून घ्या."

मी जेवलो. मला वाटतं मी बरोबरच केलं. एकदा विकतचा आणला की रोज विकतचाच. मग मी सकाळी उठायचं कशाला?

२८ मार्च

दिवसभर मशीन चालू. फ्रीजर बर्फाने गच्च. प्रत्येक खेप तपासली. प्रत्येक खेप पास. बाही हुंगून हुंगून नाक दुखलं. निवृत्त झाल्यापासून इतका चांगला दमलो नव्हतो.

२९ मार्च

ग्लास परत आले. भरलेले.

चिरंजीवांनी सांगितलं. सूनबाई काही बोलायच्या स्थितीत नव्हती. पहिल्या रांगेतल्या लोकांनी घोट घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि ग्लास खुर्चीखाली ठेवले. मग कोणीतरी व्यवस्थापकाला बोलावलं. व्यवस्थापकाने सगळ्यांसमोर सूनबाईला विचारलं, "हे पाणी कुठलं आहे? गटाराचं?" ती म्हणाली, "तपासलेलं आहे." लोक हसले.

"हसले, बाबा!" चिरंजीव माझ्यावर ओरडले. "तपासलेलं आहे म्हणाली आणि लोक हसले!"

मी म्हटलं, दूध नासलं असेल. म्हटलं, त्यांचे ग्लास घाण असतील. चिरंजीव काही बोलणार होते, पण सूनबाईने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि ते थांबले. ती सगळं सरबत मोरीत ओतत होती, एकेक ग्लास. नाकाला पदर लावून. रडत असणार.

या आरोपाचा निकाल लागलाच पाहिजे. उद्या सुट्टी. परवा त्याच बर्फाचा नमुना घेऊन माझ्या जुन्या प्रयोगशाळेत जातो. तिथे काय ते कळेल सगळ्यांना.

१ एप्रिल

गेलो होतो. काल कार्यालयीन काहीतरी होतं म्हणून आज. जीव हलका झाला.

पिपेट आता तिथला मुख्य केमिस्ट आहे. काचेच्या नळीसारखा किडकिडीत म्हणून मीच त्याला हे नाव दिलं होतं. आता पोट सुटलंय, नाव मात्र तसंच. "सर!" म्हणून पाया पडायला आला. मी नमुना दिला, सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, घरी माझ्या नाकावर शंका घेतायत, काय बोलायचं? तो हसला. "मग होऊन जाऊ दे सर, पूर्वीसारखं."

त्याने टेबलावर पाच बुचाचे फ्लास्क मांडले. मी पद्धतशीर घेतलं. हलवणं, बूच, एकच हुंगणं, मधे बाही. पहिला कोरा. दुसरा कोरा. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे कोरे! मला डाव कळला. नवीन पोरगं कामावर आलं की मी त्याला असेच सगळे फ्लास्क साध्या पाण्याचे द्यायचो. जो मनाने वास बनवून सांगेल तो आमच्या कामाचा नाही. पिपेट गुरूवरच गुरूची विद्या चालवत होता! मी छाती काढून म्हटलं, "पाचही कोरे. काय, बरोबर?"

त्याने एकेक बूच घट्ट लावलं, खिडकी उघडली, पंखा मोठा केला. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी नाकाला रुमाल धरला होता, सर्दी झाली असेल बिचाऱ्यांना.

"बरोबर ना?" मी पुन्हा विचारलं.

"चला सर, चहा घेऊ," तो म्हणाला.

चहा पिताना त्याने विचारलं, "हिवाळ्यात तुम्हाला ताप आला होता ना सर? फार दिवस?" म्हटलं, आला होता, गेला. मग म्हणाला, "मशीनच्या पाण्यात क्लोरीन किती ठेवलाय?" मी म्हटलं, "शून्य! दोन रात्री उघडं ठेवतो." त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे असा बघत बसला, जणू मी काही वाईट बातमी दिली आहे. जुनी माणसं भेटली की मन भरून येतं, तसं झालं असेल.

निकाल तो स्वतः घेऊन येणार आहे घरी.

५ एप्रिल

पिपेट सकाळी आला. हातात निकालाचा कागद होता, पण तो त्याने वाचून दाखवला नाही. "मशीन बघू," म्हणाला. सूनबाईने पुढे केलं. त्याने मागचं रबरी बूच काढलं. ते बूच आहे हेच आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. आतून पिवळट पाणी आलं. मग त्याने टाकीत बोट घातलं आणि कडेने फिरवलं. बोटावर शेंबडासारखा चिकट, करडा थर.

"सर," तो म्हणाला. अगदी हळू. "तुम्हीच आम्हाला शिकवलंत. क्लोरीन हा पाण्याचा राखणदार. तो असतो म्हणून टाकीत काही वाढत नाही. तुम्ही तोच काढून टाकला, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहिलं."

मी म्हटलं, "असेल थर. पण वास नाही त्याला."

सूनबाई दाराकडे तोंड करून उभी होती. चिरंजीवांनी शर्टाची कॉलर नाकावर ओढली होती. पिपेटने ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. त्याचे स्वतःचे डोळे पाण्याने भरले होते आणि तो श्वास रोखून होता.

काही नाही. हवेसारखं. काहीच नाही.

मी ओट्यावरची साबणाची वडी उचलून नाकाला लावली. मग व्हिनेगरची बाटली. मग चिरलेला कांदा होता तो. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. भाजी पाणचट नव्हती. सगळं आठवलं. ते दूध, तो धूर. त्या बाईंचा रुमाल. पाच फ्लास्क. त्यांत काय काय घातलं होतं त्याने, मला विचारवत नाही.

"या मशीनची रचनाच भिकार आहे," चिरंजीव एकदम मोठ्याने म्हणाले. "बूच असं मागे लपवतात का कोणी?"

"हो ना," पिपेट म्हणाला. "सदोषच आहे मॉडेल."

सगळे माझ्याकडे न बघता मशीनला शिव्या द्यायला लागले. मला तोंडघशी पडलेला बघून सगळ्यांनी जणू चादर टाकली अंगावर. आणि मी काय केलं? मी मान हलवली. "मशीनच भिकार," म्हटलं.

७ एप्रिल

सूनबाईने मशीन धुतलं. खणातून पुस्तिका काढून मी वाचून दाखवली, तेवढं तरी जमतं. बूच काढून सगळं पाणी सोडायचं. कोमट पाण्यात व्हिनेगर घालून टाकी भरायची, मऊ ब्रशने कोपरे घासायचे, ज्यांच्यावर बर्फ धरतो ते आतले दांडे एकेक पुसायचे, साध्या पाण्याने तोवर खळबळायचं जोवर व्हिनेगरचा वास जात नाही. "जातोय का?" मी विचारलं आणि जीभ चावली. ती म्हणाली, "जातोय." पुढे, नळाचं ताजं पाणी भरायचं, पहिल्या खेपा फेकायच्या, आणि रोज संध्याकाळी टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवायचं. एवढंच. एवढंच करायचं होतं.

चौथ्या खेपेचा तुकडा तिने बाटलीत वितळवला, कोमट केला, हलवला आणि बूच काढून हुंगला. मी शिकवलं तसंच, बाहीसुद्धा. मग बाटली धुऊन पालथी घातली. मला काही विचारलं नाही. मला तिचा भयंकर राग आला, आणि तो राग करण्याचा मला काही हक्क नाही हेही तेव्हाच कळत होतं.

१० एप्रिल

तीन-चार ऑफिसं उरली आहेत. दोन हातांनी होत नाही आणि माणूस ठेवण्याइतकं काम नाही. सूनबाईने आईला फोन लावला. मी टेबलाशीच होतो.

"ये ना गं. आता वास नाही. मशीन बिघडलं होतं."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. सूनबाईचा चेहरा पडला. "असं काय बोलतेस, आई."

मला ते सहन झालं नाही. मी हात पुढे केला. तिने जरा घाबरतच फोन दिला.

"विहीणबाई," मी म्हटलं, "मशीन बिघडलं नव्हतं. वास होता. तुम्ही म्हणालात तसाच होता. मला येत नाही. मी तुम्हाला नको ते बोललो."

त्या म्हणाल्या, "हे मला कशाला सांगताय व्याही? मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या लेकीला सांगितलंत का?"

आणि फोन ठेवला.

सूनबाई समोर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, तरी मी तिच्यासाठी पुन्हा म्हटलं. पाठ केल्यासारखं म्हटलं. "मला वास येत नाही. तो ताप गेल्यापासून. मला कळलं नाही, आणि कळल्यावर मी मशीनवर ढकललं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तुला वास येत होता?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही नाही म्हणालात." ती ग्लास पुसत होती, ते थांबवलं नाही. आवाजही चढवला नाही. "मग मला वाटलं, माझंच नाक बिघडलंय. आईचं पण, आमच्या माहेरच्यांची नाकंच तसली असतील. मी कोणाला न सांगता नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी नळी घालून तपासलं, बाटल्या हुंगवल्या. म्हणाले, नाक उत्तम आहे तुमचं, असं नाक क्वचित बघायला मिळतं. घरी आले तर तुम्ही बाटली हुंगून म्हणत होतात, पास. मी डॉक्टरांचं नाही ऐकलं, बाबा. तुमचं ऐकलं."

तिने पुढचा ग्लास उचलला.

"आईला गाडीत बसवताना ती म्हणाली, तू तरी खरं सांग, येतो ना तुला वास? मी म्हटलं, नाही येत."

ग्लास पुसून झाले. तिने ते ओळीने मांडले, फडकं वाळत घातलं आणि ऑर्डर द्यायला निघून गेली. संध्याकाळ झाली तरी मी टेबलाशीच बसून आहे. तिला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.